काठी खांद्याच्या खालीच का? एका नियमाचा इतिहास आणि तुमच्या मुलांचे डोके



सायकल पोलो हा खेळ आपल्याकडे फारसा कुणाला माहीत नाही. सायकलवर बसून लांब दांड्याच्या काठीने चेंडू गोलमध्ये मारायचा, असा हा खेळ. डिसेंबर २०२२ मध्ये त्याची राष्ट्रीय स्पर्धा आपल्या विदर्भात, नागपूरला झाली होती. मेडशीतल्या मुलांनी हा खेळ पाहिला नसेल, पण विटी-दांडू, हॉकी, क्रिकेट तर ती खेळतातच. काठी किंवा बॅट हातात आली की धोका सगळीकडे सारखाच.

नियम आला कुठून?

सायकल पोलो १८९१ मध्ये आयर्लंडमध्ये रिचर्ड मेक्रेडी यांनी सुरू केला. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये तो प्रदर्शनीय खेळ होता आणि आयर्लंडने जर्मनीला ३-१ असे हरवले. पण काठी उंच न उचलण्याचा विचार त्याहून जुना आहे. १८७० च्या दशकात लंडनजवळच्या टेडिंग्टन क्लबच्या खेळाडूंनी हॉकीत काठी खांद्याच्या वर उचलायला बंदी घातली. पुढे हॉकीचा हा नियम सैल झाला, तरी काठी धोकादायक रीतीने फिरवणे आजही फाऊलच आहे. घोड्यावरच्या पोलोत १९३० च्या दशकात डाव्या हाताने खेळणे बंद केले, कारण समोरासमोर येणारे दोन खेळाडू एकमेकांवर आदळण्याची भीती होती.

हेल्मेट मात्र उशिरा आले. १९६२ मध्ये बार्बाडोसमध्ये भारताचे कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्याला चेंडू लागून कवटी फुटली. तातडीने शस्त्रक्रिया करावी लागली. वेस्ट इंडिजचे कर्णधार फ्रँक वॉरेल आणि आपले चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी, पॉली उम्रीगर यांनी रक्त दिले. तरीही कसोटी सामन्यात हेल्मेट दिसायला १९७८ साल उजाडले. यातून एक गोष्ट घ्या: साधन महाग असते आणि उशिरा येते, नियम मात्र फुकट असतो आणि आजच लागू करता येतो.

खांद्याचीच मर्यादा का?

काठी जितकी उंच उचलाल, तितके तिचे टोक जास्त वेगाने फिरते. चेंडू मारणाऱ्याची नजर चेंडूवर असते, मागे किंवा शेजारी कोण आहे ते त्याला दिसत नाही. आणि खांद्याच्या वरच्या उंचीवरच शेजाऱ्याचे डोळे आणि कानशील असते.

कानशिलाचे हाड पातळ असते आणि त्याच्या आतून एक रक्तवाहिनी जाते. हाडाला तडा गेला तर ती फाटू शकते आणि हाड व मेंदूचे आवरण यांच्यामध्ये रक्त साठू लागते. यातली फसवी गोष्ट अशी की, मूल उठून बसते, बोलते, काही वेळ अगदी बरे दिसते, आणि मग सुस्त होत जाते. वेळेत शस्त्रक्रिया झाली तर असा रुग्ण पूर्ण बरा होऊ शकतो. उशीर मात्र जिवावर बेततो.

मार लागल्यावर काय पाहाल?

पुन्हा पुन्हा उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, गुंगी, असंबद्ध बोलणे, झटके, एका हातापायात अशक्तपणा, बाहुल्या लहान-मोठ्या दिसणे, कानानाकातून रक्त किंवा पाणी येणे, यातले एकही लक्षण दिसले तर घरी वाट पाहू नका. १०८ ला फोन करा. सी.टी. स्कॅनची सोय असलेल्या दवाखान्यात, म्हणजे आपल्याकडून अकोला किंवा वाशीमला, लगेच निघा. मेडशीहून हा रस्ता तासाभराच्या आसपासचा, म्हणून निर्णयाला वेळ लावू नका.

डोळ्याला मार लागला असेल तर डोळा चोळू नका, दाबू नका, घरचे कोणतेही औषध घालू नका. वेदनेसाठी अॅस्पिरिन देऊ नका, त्याने रक्तस्राव वाढू शकतो. नजर धूसर झाली किंवा बुबुळासमोर रक्त दिसले तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवा.

घरी आणि मैदानावर

खेळ बंद करू नका, फक्त तीन नियम ठरवा. काठी खांद्याच्या वर न्यायची नाही. मारण्याआधी मागे-पुढे पाहायचे. बघणाऱ्या लहान मुलांनी काठीच्या टप्प्याबाहेर उभे राहायचे. जो नियम मोडेल तो पुढचा डाव बाहेर. मुले हे लवकर मान्य करतात, कारण खेळात नियम असतातच हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असते.

काळजी घ्या.