पनवेलचे चाक आणि वीतभर मोटार

मुंबईहून निघालेला लोहमार्ग खोपोलीस पोहोचेपर्यंत, म्हणजे १८५६ सालापर्यंत, मुंबईकराला देशावर जावयाचे झाल्यास पडावात बसून खाडी ओलांडावी, भरतीची वेळ साधून पनवेलच्या बंदरास लागावे आणि तेथून टांगा, पालखी अथवा बैलगाडी करून खोपोलीच्या दिशेने कूच करावे, असा शिरस्ता होता. आणि १८३० साली गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या अमदानीत बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाल्यावर तर गाढी नदीच्या काठच्या या बंदराला दख्खनच्या दाराचेच स्थान प्राप्त झाले. माल येथे होडीतून गाडीत आणि गाडीतून होडीत चढे, बैल येथे सोडले जात, मोडलेल्या गाड्या येथे दुरुस्त होत. १८५२ इतक्या लवकर येथे नगरपालिका स्थापन झाली, यावरूनही गावच्या उलाढालीची कल्पना यावी.

ब्रिटिश अमदानीतील सरकारी गॅझेटियर चाळले असता पनवेलच्या धंद्यांत अग्रस्थान गाडीच्या चाकांना दिलेले आढळते. देशावरून माल घेऊन उतरलेला गाडीवान, गाठीला पैसा असल्यास, परतताना येथील चाकांची जोडी घेतल्याखेरीज राहत नसे. बैलगाडीचे चाक ही वस्तू दिसते तितकी ओबडधोबड नाही. मध्ये तुंबा, तुंब्यात ठोकलेले आरे, आऱ्यांच्या टोकांवर बसविलेली वाकदार पुट्ठी आणि या सर्वांस आवळून धरणारी लोखंडी धाव, एवढाच तिचा संसार. परंतु बाभूळ, तिवस यांसारख्या चिवट लाकडांतून हे सारे असे जुळवावयाचे असते की खडकाळ वाटेवर वर्षानुवर्षे आदळूनही एक सांधा उकलू नये. धाव चाकाच्या घेरापेक्षा किंचित तोकडी घडवावयाची, गोवऱ्यांच्या आरात लालबुंद तापवून फुगवावयाची, चिमट्यांनी उचलून चाकावर चढवावयाची आणि लाकूड धुमसू लागताच तिच्यावर पाणी ओतावयाचे, म्हणजे थंड होऊन आकसणारे लोखंड प्रत्येक सांधा आत दाबून घट्ट करते. सुताराच्या कसबाची परीक्षा मात्र त्यापूर्वीच होऊन गेलेली असते, कारण पुट्ठ्यांच्या सांध्यांत त्याने ठेवलेली फट कमी पडली तर आरे सैल राहतात आणि अधिक झाली तर चाक बशीसारखे खोलगट होते. वाहन म्हणजे सुट्या भागांची जुळणी, आणि ही जुळणी ज्याने स्वहस्ते केली त्यालाच वाहनाचे अंतरंग उमगते, हे ज्ञान पनवेलच्या सुतार-लोहारांपाशी मोटार येण्याच्या कितीतरी आधीपासून होते.

मोटारीचा या देशातील इतिहासही, बारकाईने पाहिल्यास, सुट्या भागांपासूनच सुरू होतो. १९२८ साली जनरल मोटर्सने मुंबईत शिवडी येथे कारखाना काढला, तेव्हा तेथे मोटारी निर्माण होत नव्हत्या. अमेरिकेहून लाकडी खोक्यांत भरून आलेले शेव्हरोलेचे भाग तेथे उघडून जुळविले जात. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १९३५ च्या सुमारास मुंबई इलाख्यात संपूर्ण मोटार बनविणारा कारखाना उभारण्याची योजना मांडली, सोलापूरच्या भूमीत जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी ती उचलून अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीशी बोलणी केली, तरी महायुद्धाच्या निमित्ताने सरकारने तिला पाठबळ नाकारले. अखेर १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी स्थापन झाली आणि १९४७ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून क्रायस्लरच्या डॉजसारख्या गाड्या बाहेर पडू लागल्या. पण त्याही आरंभी जुळवलेल्याच. स्वतंत्र भारत सरकारने १९५३ साली ज्यांच्यापाशी उत्पादनाचा निश्चित कार्यक्रम नाही त्यांनी गाशा गुंडाळावा असे धोरण ठरविले, तेव्हा जनरल मोटर्स व फोर्ड येथून गेल्या, आणि कुर्ल्याला मात्र इटलीच्या फियाट कंपनीच्या साहाय्याने एकेक भाग येथेच घडविण्याचे कठीण काम अंगावर घ्यावे लागले. याच कामातून ती फियाट ११०० उभी राहिली, जी पुढे पद्मिनी या नावाने विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत निघत राहिली आणि जिच्यात बसून महाराष्ट्रातील मध्यमवर्गाच्या दोन पिढ्यांनी मुंब्रा, शीळफाटा, पनवेल, खोपोली हा जुना मार्ग तुडविला.

शिवडीचा कारखाना बंद पडत होता त्याच सुमारास अमेरिकेत व इंग्लंडात खोक्यांतून सुट्या भागांची मोटार घराघरांत पोहोचू लागली होती, फक्त ती टेबलावर मावणारी होती. कॅलिफोर्नियातील रेव्हेल कंपनीने पन्नासाव्या सालानंतर ‘हायवे पायोनियर्स’ नावाच्या मालेत विसाव्या शतकाच्या आरंभीच्या मोटारींचे १:३२ प्रमाणातील संच विक्रीस आणले. निकोलस कोव्ह यांनी १९३९ साली लंडनमध्ये स्थापन केलेल्या एअरफिक्सने जुन्या बेंटली, रोल्स-रॉइस आणि डॅराक गाड्यांना हात घातला. आणि अमेरिकेच्या एएमटी कंपनीने १९५८ साली १:२५ प्रमाणात असे संच काढले की एकाच खोक्यातून गाडीचे तीन निरनिराळे अवतार साकारता यावेत. जपानच्या शिझुओका शहरातील तामिया कंपनीचा प्रवास मला विशेष अर्थपूर्ण वाटतो, कारण १९४६ साली लाकूड कापणारी गिरणी म्हणून सुरू झालेली ही पेढी आधी लाकडी प्रतिकृती करू लागली आणि १९६० साली प्लॅस्टिककडे वळली. लाकूड ज्यांच्या हाताला माहीत होते त्यांनीच पुढे सूक्ष्मतेचा कळस गाठला.

आपल्याकडे हा छंद रुजला नाही याचे खापर मुलांच्या अनास्थेवर फोडणे अन्यायाचे होईल. पॉलिस्टायरीन हे या संचांचे मूळ द्रव्य. त्याचे उत्पादन भारतात १९५७ सालीच सुरू झाले होते. अडचण साच्याची होती. कोरीव पोलादी साच्यात वितळलेले प्लॅस्टिक दाबाने भरून एकाच वेळी संपूर्ण गाडीचे भाग काढावयाचे, तर त्या साच्याचा खर्च वसूल होण्यास हजारो गिऱ्हाइके हवीत, आणि ज्या देशात खऱ्या मोटारीसाठीच नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे तेथे खेळण्यातल्या मोटारीसाठी असे भांडवल कोण ओतणार? परदेशी संच आणावयाचा तर आयात-परवान्याची भिंत आड येई, आणि चैनीच्या वस्तूंना परवाना मिळणे दुरापास्तच होते. म्हणून जहाजावर नोकरीस असलेला मामा अथवा आखातातून रजेवर आलेला काका हाच काय तो पुरवठादार. आयातीवरील परिमाणात्मक निर्बंध १ एप्रिल २००१ रोजी उठले, त्यानंतरच हे खोके साध्या गिऱ्हाइकाच्या आटोक्यात आले.

पनवेलमध्येच एका स्नेह्याच्या घरी असा संच जुळताना मी जवळून पाहिला आहे. भाग एका पातळ चौकटीला देठांनी जोडलेले असतात; ते पिळून तोडावयाचे नाहीत, कात्रीने देठ लांब ठेवून कापावयाचा आणि उरलेले टोक पात्याने व बारीक पॉलिश पेपरने घासून नाहीसे करावयाचे. चिकटविण्याचे द्रव्य सरसासारखे दोन भागांमध्ये बसत नाही, ते प्लॅस्टिकच वितळविते. दोन्ही भाग कोरडेच जुळवून धरावे, कुंचल्याचे टोक सांध्याला नुसते टेकवावे, म्हणजे द्रव आपणहून फटीत धावतो आणि सुकल्यावर दोन भागांचा एक जीव होतो. बंपर, दिव्यांची कडी अशा चकचकीत भागांवर धातूचा पातळ मुलामा असतो, तेथे सांध्यापुरता मुलामा खरवडल्याशिवाय जोड धरत नाही. एंजिन दोन अर्ध्या भागांत येते, त्यावर झाकण, पंखा, पट्टा. मग चेसिस, स्प्रिंगा, आसाचे टोक. माझे स्नेही भाग जोडण्यापूर्वी प्रत्येक वेळी तो हातात फिरवून खऱ्या गाडीत त्याचे काम काय हे सांगत होते, आणि ज्या गृहस्थांनी आयुष्यभर गाडीचे बॉनेट मेकॅनिकवाचून उघडले नव्हते त्यांना डिफरन्शियलचे कार्य इतके स्वच्छ उमगलेले पाहून मला मनापासून आनंद झाला.

या कलेची परमावधी पाहावयाची तर इटलीच्या पोकर कंपनीच्या संचांकडे वळावे. ट्यूरिनच्या या कंपनीने १९०७ सालची १३० अश्वशक्तीची फियाट १:८ प्रमाणात काढली, आणि पुढे अल्फा रोमिओसारख्या गाड्यांच्या चाकांत एकेक तारेचा आरा हाताने ओवून ताणण्याचे काम जुळविणाऱ्यावर सोपविले. चारही बाजूंचा ताण सारखा न पडल्यास ते चाक फिरताना हेलकावते, आणि मग सर्व तारा सैल करून पुन्हा आरंभ करावा लागतो. पनवेलच्या सुताराला या कामात नवखेपणा वाटला नसता, असे मी ठामपणे म्हणतो.

२०२३ च्या ऑक्टोबरअखेरीस मुंबईची शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी वयोमर्यादेमुळे रस्त्यावरून निवृत्त झाली. बैलगाडीचे चाक त्याच्या कितीतरी आधी दिसेनासे झाले होते. पनवेल आता महानगरपालिकेचे शहर आहे. कळंबोलीहून द्रुतगती मार्ग सुटतो, पळस्प्याहून गोव्याचा रस्ता फुटतो, आणि तरीही या वाटेवरून कोणकोणती वाहने गेली हे दाखविणारे एक दालनही शहरात असू नये, ही उणीव भरून काढणे अगदीच आवाक्यातले काम आहे. १:२४ प्रमाण धरावे, कारण त्यात फुटाला अर्धा इंच पडतो आणि हिशेब सोपा होतो: पाच फुटी गाडीचे चाक अडीच इंचांत बसते, सुमारे तेरा फुटांची फियाट साडेसहा इंचांत. बंदरावरची बैलगाडी, घाटातला टांगा, शिवडीची शेव्हरोले, कुर्ल्याची डॉज, एस. टी.ची पहिली बेडफर्ड आणि पद्मिनी एका फळीवर एकाच मापात मांडता येतील. संच मिळतील त्या गाड्यांचे आणावेत, न मिळतील त्या लाकूड व प्लॅस्टिकच्या पत्र्यातून मुलांकडून करवून घ्याव्यात. आणि कुणा घरच्या परसात, कुणा गोठ्याच्या भिंतीला टेकून एखादे जुने चाक उरले असेल तर ते सडण्यापूर्वी त्याच्या तुंब्याची, आऱ्यांची व धावेची मापे घेण्यापासून या कामाचा आरंभ व्हावा.