पातेल्यातली सांग्रिया

मागच्या फेब्रुवारीतली गोष्ट. आमच्या फ्लॅटमधल्या चौघांपैकी एक जण नोकरी बदलून बंगळूरला चालला होता. सहा वर्षं एकत्र राहिलो, त्यामुळे निरोप नेहमीच्या बिअर-चिप्सवर उरकायचा नाही असं ठरलं. कुणीतरी म्हणालं, सांग्रिया करूया. काचेचं मोठं भांडं घरात नव्हतं. मग ज्यात रविवारचे पोहे होतात ते स्टीलचं पातेलं घेतलं.

कृती अगदी सोपी आहे. नाशिकच्या रेड वाईनच्या दोन बाटल्या (साध्यातल्याच घ्या, महागडी वाईन यात वाया जाते), चार संत्री, दोन लिंबं, दोन सफरचंदं, पाच चमचे साखर, दालचिनीचा एक तुकडा आणि अर्धा कप ब्रँडी. चार-पाच तास फ्रीजमध्ये ठेवायचं आणि सोडा अगदी शेवटी घालायचा. संत्र्याच्या सालीखालचा पांढरा भाग मात्र काढून टाका. आम्ही पहिल्यांदा केली तेव्हा तो तसाच ठेवला होता आणि सगळं प्रकरण कडूजहर झालं होतं.

फोडी करत होतो तेवढ्यात आईचा फोन आला.
"काय चाललंय?"
"काही नाही गं, संत्री, लिंबू, साखर..."
"सरबत का? बरं झालं, ऊन वाढलंय."
मी "हो" म्हणालो. खोटं बोलल्यासारखं वाटलं खरं. पण नंतर या पेयाचा इतिहास वाचत बसलो तेव्हा लक्षात आलं, की मी फारसा खोटा बोललो नव्हतो.

स्पॅनिशमध्ये 'सांग्रे' म्हणजे रक्त. 'सांग्रिया'चा मूळ अर्थ शिरेतून रक्त काढणं, म्हणजे जुन्या वैद्यांचा तो भयंकर उपचार. पेयाला हे नाव लाल रंगावरून पडलं असं स्पॅनिश कोश मानतात. पण वाईनमध्ये काहीबाही घालून पिणं या नावापेक्षा कितीतरी जुनं आहे. रोमन लोक तिच्यात मध आणि मसाले घालत. मध्ययुगीन युरोपात साखर, दालचिनी आणि सुंठ घातलेली 'हिपोक्रास' नावाची वाईन श्रीमंतांच्या टेबलावर असे. ज्या कापडी पिशवीतून ती गाळायची, तिला ग्रीक वैद्य हिपोक्रेटिसचं नाव होतं. त्यावरून वाईनचं नाव पडलं.

आता पातेल्यात डोकावून बघा. संत्र्याला स्पॅनिशमध्ये 'नारांहा' म्हणतात. तो शब्द अरबी 'नारंज'वरून आला, आणि त्याच्या मागे फारसीतून आपलं संस्कृत 'नारंग'. साखरेला 'असूकार', अरबी 'सुक्कर'वरून, आणि मुळाशी 'शर्करा'. 'लिमोन' आणि आपलं लिंबूही एकाच कुळातले. इसवी सन 711 मध्ये मुस्लिम सैन्य आयबेरियात उतरलं. पुढच्या काही शतकांत ऊस, कडू संत्रं आणि लिंबू तिथल्या मळ्यांत रुजले. गोड संत्रं तर आणखी उशिरा, 15व्या-16व्या शतकात पोचलं. म्हणजे वाईन सोडली तर ज्याला आपण 'टिपिकल स्पॅनिश' म्हणतो, त्यातला बराचसा माल पूर्वेकडून गेलेला. आणि 'सरबत' हा शब्दही अरबीच! आईचा अंदाज अगदीच चुकला नव्हता :)

याहून मोठी गंमत पुढे आहे. इंग्रजीत या पेयाचा जुना उल्लेख सापडतो 1736 सालचा. लंडनच्या एका मासिकात बातमी आहे, की एका पंच विकणाऱ्याने तेज मदिरा वाईनचा नवा पंच काढलाय आणि त्याचं नाव 'सांग्रे'. म्हणजे लंडनकरांच्या लेखी हा पंचचाच एक प्रकार. आणि पंच कुठला? ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर 1670 च्या दशकात आपल्या किनाऱ्यावर होता. शिवकालात जुन्नरलाही जाऊन आलेला हा माणूस. 1698 मध्ये छापलेल्या पुस्तकात तो लिहितो, की गोव्याच्या अरकापासून इथले इंग्रज 'पाँच' करतात, आणि पाच जिन्नस असतात म्हणून हे नाव. सगळ्या अभ्यासकांना हे पटत नाही. 1638 मध्ये सुरतेला आलेल्या मांडेल्स्लोने अशाच पेयाची जी कृती दिलीय, तिच्यात चारच जिन्नस आहेत: दारू, गुलाबपाणी, लिंबाचा रस आणि साखर. काहींच्या मते हे नाव पिंपाच्या एका इंग्रजी नावावरून आलं. पण हे पेय हिंदुस्थानातल्या इंग्रजांकडून युरोपात गेलं, एवढं मात्र खरं.

मग सांग्रिया स्पेनची झाली कधी? जगासाठी तरी फार अलीकडे. 1964 च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात स्पेनच्या दालनात ती मिळायची आणि अमेरिकनांना तिची चटक लागली. त्याच दशकात युरोपातले पर्यटक स्पेनच्या किनाऱ्यांवर लोटू लागले आणि जगभर जग भरभरून सांग्रिया दिसू लागली. खुद्द स्पॅनिश माणूस उन्हाळ्यात बरेचदा 'तिंतो दे वेरानो' पितो, म्हणजे रेड वाईनमध्ये नुसता गोडसर सोडा. एवढं असूनही 2014 मध्ये युरोपियन युनियनने कायदा केला: स्पेन किंवा पोर्तुगालमध्ये बनलेल्या पेयालाच नुसतं 'सांग्रिया' म्हणून विकता येईल. इतरांनी बाटलीवर 'सुगंधित वाईनयुक्त पेय' असं लिहायचं आणि देशाचं नाव द्यायचं.

व्यापाराच्या दृष्टीने कायदा योग्यच असेल. पण मला वाटतं, या पेयाला मूळ गावापेक्षा भांडं महत्त्वाचं. वाईनची बाटली एकटा माणूसही उघडतो. सांग्रिया एकट्यासाठी कुणी करत नाही. कुणीतरी फोडी करायच्या, कुणीतरी साखर कमी पडली म्हणून कुरकुर करायची, आणि मग सगळ्यांनी एकाच भांड्यातून घ्यायचं. फ्रायरच्या काळातले घरापासून हजारो मैल लांब आलेले इंग्रजही एका वाडग्याभोवतीच बसत असणार.

आमच्यातला एक जण पीत नाही. त्याच्यासाठी त्याच फोडींमध्ये डाळिंबाचा रस आणि सोडा घातला. रंग हुबेहूब तोच आला, कुणाचा ग्लास कुठला ते ओळखू येईना. रात्री दीडपर्यंत गप्पा चालल्या. बंगळूरला निघालेल्याने तळाशी उरलेल्या संत्र्याच्या फोडी चमच्याने खाऊन संपवल्या आणि पातेलं घासायला घेतलं. सहा वर्षांत पहिल्यांदा, कुणी न सांगता.

सकाळी सामान भरताना कळलं का घासलं ते. पातेलं त्याचं होतं.

अजून नवीन आणलेलं नाही. पोहे सध्या कढईत करतो, तिघांपुरते.