ग्रामीण नगरपालिका, सस्कॅचेवानमधील

कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतातील प्रेअरी प्रदेशात स्थानिक स्वराज्याचा मूलभूत घटक. प्रांताच्या दक्षिण भागात अशा सु. ३०० नगरपालिका असून गहू, कॅनोला व मसूर ही तेथील प्रमुख पिके होत. १८७४ च्या चौथ्या करारान्वये येथील क्री, सोतो व असिनिबॉइन लोकांकडून विस्तीर्ण भूप्रदेश घेण्यात आला. १८७२ च्या भूमी अधिनियमानुसार मैदानाची सहा मैल लांबीरुंदीच्या चौरसांत (टाउनशिप) आखणी होऊन वसाहतकऱ्यांना प्रत्येकी १६० एकर जमीन अल्प शुल्कात मिळू लागली. सामान्यतः असे नऊ चौरस मिळून एक नगरपालिका (सु. ८४० चौ. किमी.) होते, त्यामुळे तिच्या सीमा नदी-टेकड्यांऐवजी मोजणीच्या रेषांनी ठरलेल्या दिसतात. लोकनियुक्त अध्यक्ष (रीव्ह) व विभागवार निवडलेले सदस्य कारभार पाहतात. मालमत्ता कर हे उत्पन्नाचे प्रमुख साधन, तर रस्ते व पूल ही मुख्य कामे.

१९१५ च्या सुमारास सार्निया (क्र. २२१) नगरपालिकेने गाव सोडू पाहणाऱ्या डॉक्टरास करनिधीतून वेतन देऊन थांबविले. १९१६ मध्ये या उपक्रमास कायद्याचा आधार मिळाला. १९६२ च्या प्रांतव्यापी वैद्यकीय विम्याच्या पूर्वपीठिकेत या योजनेस महत्त्वाचे स्थान आहे.

१९३६ मध्ये प्रांतात सु. १,४२,००० शेते होती. यांत्रिकीकरण व शेतांचे एकत्रीकरण यांमुळे २०२१ मध्ये ती सु. ३४,००० उरली. लोकवस्ती विरळ झाली, तरी रस्त्यांची लांबी तेवढीच राहिली. शेजारच्या मॅनिटोबा प्रांताने २०१५ मध्ये लहान नगरपालिकांचे सक्तीने विलीनीकरण केले. सस्कॅचेवानने मात्र हा निर्णय प्रामुख्याने स्थानिक नगरपालिकांवर सोपविला आहे.