सुट्या भागांचें यंत्र

बैलबाजाराला जातांना गांवांतल्या जाणत्या माणसाला बरोबर नेण्याची जुनी चाल आहे. तो दांत मोजतो, खूर पाहतो, जनावर चार पावलें चालवून घेतो आणि मग भावाची गोष्ट निघते. पैसा एकाचा आणि पारख दुसऱ्याची, असा हा व्यवहार केवळ विश्वासावर चालतो. शहरांतल्या सुशिक्षित घरांत हा मान आतां एका निराळ्या जाणत्याकडे आला आहे. खेळ खेळण्याजोगा संगणक हवा, पण पैसे बेताचेच आहेत, तेव्हां सुटे भाग निवडून द्यावे, अशी गळ त्याला मित्र घालतो. गळ साधी आहे. पण ती घालतां येते यामागें अर्धशतकाचा इतिहास उभा आहे. यंत्राचे भाग निवडण्याची ही मोकळीक ग्राहकाला कोणीं उदार होऊन दिलेली नाहीं. ती कधीं घाईमुळें, कधीं चढाओढीमुळें, तर कधीं एका बलाढ्य कंपनीचा हिशेब चुकल्यामुळें मिळाली. आणि म्हणूनच ती कायमची आहे असें धरून चालतां येत नाहीं.

या इतिहासाचा आरंभ १९७५ च्या जानेवारींत धरण्यास हरकत नाहीं. 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स' या अमेरिकन मासिकाच्या त्या अंकाच्या मुखपृष्ठावर 'आल्टेअर ८८००' नांवाच्या यंत्राचें चित्र आलें. न्यू मेक्सिको संस्थानांतील आल्बुकर्की येथील एक लहानशी कंपनी तें सुट्या भागांच्या रूपानें, सुमारें ४०० डॉलरांस, टपालानें धाडीत असे. त्यांत इंटेल कंपनीचा ८०८० हा प्रोसेसर होता आणि स्मृति अवघी २५६ बाइटांची. पडदा नाहीं, कळफलक नाहीं. खटके दाबून आज्ञा द्यावयाच्या आणि दिव्यांच्या उघडझापीवरून उत्तर वाचावयाचें. तरीहि हजारों मागण्या आल्या. यंत्राच्या पोटांत जादा कार्डें बसविण्यासाठीं १०० टोकांच्या खांचा होत्या, आणि लवकरच दुसऱ्याच कारखान्यांनीं त्यांत बसणारीं कार्डें विकावयास काढलीं. १९७७ च्या 'ॲपल २' मध्यें स्टीव्ह वॉझ्नियाक यानें अशा आठ खांचा ठेवल्या. स्टीव्ह जॉब्ज या त्याच्या जोडीदाराच्या मतें दोन पुरेशा होत्या. पण वॉझ्नियाक हटला नाहीं. रंग आणि ध्वनि यांची सोय करतांना विटा फोडण्याचा 'ब्रेकआउट' हा खेळ त्याच्या डोळ्यांपुढें होता. खेळ हा संगणकाला मागाहून जडलेला षोक आहे, असें मानणाऱ्यांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

खरी कलाटणी मिळाली ती १२ ऑगस्ट १९८१ रोजीं. त्या दिवशीं आय.बी.एम. या कंपनीनें आपला 'पर्सनल काँप्युटर' जाहीर केला. फ्लॉरिडांतील बोका रॅटन येथें डॉन एस्ट्रिज याच्या हाताखालच्या तुकडीला तो सुमारें एका वर्षांत सिद्ध करावयाचा होता. इतक्या अल्प अवधींत सर्व भाग घरींच घडविणें शक्य नव्हतें. म्हणून प्रोसेसर इंटेलकडून घेतला, कार्यप्रणाली मायक्रोसॉफ्टकडून घेतली आणि उरलेल्यांपैकीं पुष्कळ भाग बाजारांतून उचलले. यंत्रांत पांच खांचा ठेवल्या आणि किंमत १,५६५ डॉलरांपासून लावली. इतरांनीं या खांचांसाठीं कार्डें बनवावीं म्हणून सर्किटांचे आराखडे पुस्तकरूपानें विक्रीस ठेवले. त्यांतच 'बायॉस' हा मूळ कार्यक्रमहि ओळीनें छापला होता. यंत्र जागें होतांच प्रथम हाच कार्यक्रम चालतो आणि कार्यप्रणालीची व भागांची गांठ घालून देतो. त्याचे हक्क आपल्याच हातीं असल्यामुळें हुबेहूब नक्कल कोणास करतां येणार नाहीं, असा कंपनीचा भरंवसा होता.

हा भरंवसा दोन वर्षेंहि टिकला नाहीं. १९८२ सालीं टेक्सासमधील ह्यूस्टन येथें स्थापन झालेल्या 'कॉम्पॅक' कंपनीनें एक युक्ति योजिली. एका गटानें मूळ बायॉस काय काय करतो एवढेंच टिपून ठेवलें, आणि मूळ लिखाण कधींच न पाहिलेल्या दुसऱ्या गटानें त्या टिपणावरून नवा कार्यक्रम रचला. काम तेंच, परंतु अक्षर निराळें. त्यामुळें कायद्याचा भंग झाला नाहीं. १९८४ पासून 'फीनिक्स' नांवाची कंपनी असा बायॉस वाटेल त्यास विकूं लागली आणि नकलांचा पूर आला. १९८७ सालीं आय.बी.एम.नें नव्या यंत्रांत निराळ्या जातीच्या खांचा घालून आणि त्यांच्या वापरावर हक्काचें मूल्य लावून दार पुन्हां लावून घेण्याचा यत्न केला. पण दुसऱ्याच वर्षीं नऊ प्रतिस्पर्ध्यांनीं एकत्र येऊन स्वतःची मोकळी रचना पुढें केली. बाजारानें आय.बी.एम.ला मागें टाकलें. २००५ सालीं तर तिनें हा धंदाच 'लेनोव्हो' या चिनी कंपनीस विकून टाकला. यंत्र जन्मदात्याच्या हातून सुटलें आणि सर्वांचें झालें.

सर्वांचें झालेलें यंत्र एकमेकांस जुळावें, यासाठीं मापें ठरावीं लागतात. १९९२ सालीं 'पी.सी.आय.' ही खांचेची रचना ठरली. १९९५ सालीं इंटेलनें 'ए.टी.एक्स.' हें माप जाहीर केलें. मदरबोर्ड केवढा, स्क्रूंचीं भोकें कोठें, विजेची जोडणी कशी, हें सर्व त्यांत नेमून दिलेलें आहे. त्यामुळेंच एका कंपनीचा बोर्ड दुसरीच्या कॅबिनेटमध्यें बसतो आणि तिसरीच्या पॉवर सप्लायवर चालतो. हिंदुस्थानांत १९८४ च्या संगणकविषयक धोरणानें आयातीचीं बंधनें सैल झालीं. १९९७ सालीं जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती-तंत्रज्ञान कराराला देशानें संमति दिल्यावर बहुतेक भागांवरील जकात क्रमाक्रमानें उतरत गेली. मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि दिल्लीचें नेहरू प्लेस हे बाजार या काळांत भरभराटीस आले. बिल्ला लावलेल्या यंत्राहून स्वस्त असा 'असेम्बल्ड' संगणक मध्यम वर्गाच्या दिवाणखान्यांत आला, तो याच दुकानांतून.

इकडे खेळांनीं यंत्राच्या अंतर्गत राज्यव्यवस्थेंत क्रांति घडविली. १९९३ च्या डिसेंबरांत निघालेल्या 'डूम' या खेळाचीं सर्व चित्रें प्रोसेसरच गणित करून काढी. १९९६ सालीं 'थ्रीडीएफएक्स' या कंपनीचें 'व्हूडू' कार्ड आलें आणि चित्रें काढण्याचें अवजड काम त्यानें आपल्याकडे घेतलें. १९९९ सालीं 'एन्व्हिडिया'च्या 'जीफोर्स २५६' नें आकृतींच्या स्थलांतराचें व प्रकाशछायेचें गणितहि प्रोसेसरकडून काढून घेतलें. तेव्हांपासून खेळाच्या यंत्रांत राजा प्रोसेसर असला, तरी कारभार ग्राफिक्स कार्डाच्या हातीं आहे. पैसा कोठें घालावा या प्रश्नाचें उत्तर या घटनेनें बदलून गेलें. महाग प्रोसेसर आणि दुबळें कार्ड अशी जोडी खेळाच्या कामीं वायां जाते. मध्यम प्रोसेसर आणि बरें कार्ड ही जोडी तेवढ्याच पैशांत कितीतरी सरस ठरते.

काटकसरीनें यंत्र जोडणाऱ्यांचा सुवर्णकाळ ऑगस्ट १९९८ मध्यें उगवला, असें पुष्कळ जाणते मानतात. त्या महिन्यांत इंटेलनें 'सेलेरॉन ३००ए' हा स्वस्त प्रोसेसर काढला. बोर्डाचा ठोका सेकंदाला ६६ दशलक्ष; त्याची साडेचार पट करून हा प्रोसेसर ३०० दशलक्ष ठोक्यांनीं चाले. साडेचार हा आंकडा कायमचा बांधलेला होता, पण बोर्डाचा ठोका वाढवितां येत असे. तो १०० वर नेतांच प्रोसेसर ४५० वर धांवूं लागे, आणि बहुतेक नग हा ताण सहज सोशीत. १४९ डॉलरांच्या या वस्तूनें कित्येक पट महागड्या प्रोसेसरांशीं बरोबरी केली. पैशाची उणीव ज्ञानानें भरून काढतां येते, हा धडा त्या पिढीनें येथेंच गिरविला.

परंतु स्वस्ताईला दुसरी बाजूहि आहे. या शतकाच्या आरंभीं अनेक कंपन्यांच्या मदरबोर्डांवरील कपॅसिटर फुगून फुटूं लागले. त्यांतील द्रावच सदोष होता. चार पैशांच्या भागानें हजारोंचें यंत्र बंद पाडलें. हीच गोष्ट पॉवर सप्लायची. तो खेळांत दिसत नाहीं, म्हणून कात्री प्रथम त्याच्यावर चालते. पण तो बिघडला तर जातांना इतरांनाहि घेऊन जातो. म्हणून मित्राच्या पैशांत बचत करतांना जाणता मनुष्य कॅबिनेटच्या कांचा आणि रंगीत दिवे खुशाल गाळतो. पॉवर सप्लायला मात्र हात लावीत नाहीं.

२००७ पासून सुमारें दहा वर्षें सामान्य ग्राहकाच्या इंटेल प्रोसेसरांत चाराहून अधिक गाभे मिळत नसत. २०१७ च्या मार्चांत 'ए.एम.डी.' कंपनीच्या 'राइझन' मालिकेनें ही कोंडी फोडली. फेब्रुवारी २०१८ मध्यें ९९ डॉलरांचा 'राइझन ३ २२००जी' आला. त्याच्या पोटांतच साधे खेळ चालविण्याजोगी चित्रशक्ति होती. स्वतंत्र कार्डासाठीं पैसे जमेपर्यंत त्यावर भागत असे. शिवाय २०१७ सालीं घेतलेल्या त्या जातीच्या अनेक बोर्डांवर, बायॉस नवा केल्यावर, २०२२ सालचा प्रोसेसरहि बसूं शकला. आज थोडें आणि उद्यां थोडें अशा रीतीनें यंत्र वाढविणें हा गरिबाचा हक्क या रचनेनें राखला.

त्याच सुमारास हा हक्क किती नाजुक आहे तेंहि दिसून आलें. २०१७-१८ मध्यें आणि पुन्हां २०२० ते २०२२ मध्यें आंकड्यांचें चलन 'खणण्या'साठीं ग्राफिक्स कार्डांची प्रचंड खरेदी झाली. त्यांत महामारीची टंचाई मिसळली, आणि छापील किमतीच्या दुप्पट भाव मोजावे लागले. १५ सप्टेंबर २०२२ रोजीं 'इथीरियम' या चलनानें ही रीत सोडली, तेव्हां वापरलेल्या कार्डांचे ढीग बाजारांत आले. २०२५ च्या अखेरीस पाळी मेमरीची आली. कृत्रिम बुद्धीच्या केंद्रांनीं मागणी इतकी वाढविली कीं भाव भराभर चढले, आणि डिसेंबरांत 'मायक्रॉन' कंपनीनें 'क्रूशल' या नांवाची आपली किरकोळ विक्री थांबविण्याचें जाहीर केलें. दुसरीकडे, पुष्कळ लॅपटॉपांत मेमरी डाग देऊन कायमची बसविलेली असते. ॲपलनें २०२० पासून तर ती प्रोसेसरच्या वेष्टनांतच नेली. वेग वाढतो खरा, पण निवडीचें दार लागतें.

या साऱ्या इतिहासाचें सार निवडीच्या वेळीं उपयोगी पडतें. प्रथम मित्र कोणते खेळ खेळणार आणि त्याचा पडदा केवढा, हें विचारावें. १९२० बाय १०८० टिंबांच्या साध्या पडद्यासाठीं सर्वांत मोठें कार्ड घेणें म्हणजे ओढ्यावर गलबत बांधणें होय. मग बेताचा मोठा वांटा कार्डाला द्यावा आणि त्याला साजेलसा प्रोसेसर घ्यावा. कार्ड परवडत नसेल, तर चित्रशक्ति पोटांत असलेला प्रोसेसर घेऊन मेमरीची एक मोठी पट्टी न घेतां सारख्या दोन लहान पट्ट्या घ्याव्या. कारण असा प्रोसेसर चित्रांसाठीं हीच मेमरी वापरतो, आणि दोन पट्ट्यांनीं तिची वाट दुप्पट रुंद होते. बोर्ड मात्र पुढें वाढतां येईल असाच पाहावा. वापरलेलें कार्ड घेणें झाल्यास तें तासभर चालवून, तापतें किती आणि चित्र फाटतें काय, हें डोळ्यांनीं पाहिल्यावांचून पैसे देऊं नयेत.

आणि शेवटीं, निवडलेल्या भागांची यादी मित्राच्या हातीं देतांना प्रत्येक भाग कां घेतला, तें त्याला दोन शब्दांत समजावून सांगावें. आल्टेअरच्या काळापासून ही विद्या अशीच एकाकडून दुसऱ्याकडे गेली आहे. कारखानदार खांचा ठेवतात, त्या वापरणारे लोक आहेत म्हणून. ज्या दिवशीं भाग ओळखणारीं माणसें उरणार नाहींत, त्या दिवशीं सुटे भागहि उरणार नाहींत.