इनुइट कला : संग्रहालयातील वस्तू आणि त्यांमागची नावे

‘इनुइट’ या शब्दाचा अर्थ ‘माणसे’. त्याचे एकवचन ‘इनुक’. अलास्काच्या उत्तर भागापासून कॅनडाच्या आर्क्टिक प्रदेशातून ग्रीनलंडपर्यंत पसरलेल्या या समाजाची ओळख मराठी वाचकाला शालेय भूगोलातून आणि शब्दकोड्यांतून ‘एस्किमो’ या नावाने झालेली असते. ते नाव बाहेरच्यांनी दिलेले असून अनेक इनुइटांना ते अवमानकारक वाटते. १९७७ मध्ये आर्क्टिक प्रदेशातील या समाजांनी आपली आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन केली, तेव्हा ‘इनुइट’ हेच नाव स्वीकारले. गोव्याच्या खाड्यांमध्ये पर्यटक वल्हवतात त्या ‘कयाक’चे नाव आणि मूळ घडणही याच समाजाची, लाकडाच्या वा हाडांच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून ही शिकारीची होडी तयार होई.

कोपनहेगन, लंडन, न्यूयॉर्क, वॉशिंग्टन, ओटावा अशा अनेक शहरांतील संग्रहालयांत आज इनुइट वस्तूंचे संग्रह आहेत. त्यांत मौल्यवान वस्तू आहेत तशीच अस्वस्थ करणारी प्रकरणेही आहेत. वस्तू जपल्या गेल्या, पण त्या घडवणाऱ्यांची नावे बहुतेकदा नोंदवहीपर्यंत पोहोचली नाहीत. गेल्या चार दशकांत ही उणीव भरून काढण्याचे जे प्रयत्न झाले, त्यांतून संग्रहालय या संस्थेचाच अर्थ बदलू लागला आहे.

उपयोगाच्या वस्तू

झाडे न उगवणाऱ्या प्रदेशात हाड, शिंग, वॉलरसचा सुळा, कातडे, दगड आणि समुद्राने वाहून आणलेले लाकूड हीच सामग्री. शंखजिऱ्याचा मऊ दगड कोरून केलेला ‘कुल्लिक’ हा सीलच्या चरबीवर जळणारा दिवा घराला ऊब आणि उजेड देई. अर्धचंद्राकृती पात्याचा ‘उलू’ हे स्त्रियांचे हत्यार. कातडे सोलणे, कापणे आणि मांस चिरणे ही सर्व कामे त्याने होत. ‘अमाउती’ या स्त्रियांच्या अंगरख्याला पाठीशी झोळी असते. तीत मूल आईच्या अंगाच्या उबेत राहते. बर्फावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाने डोळे दिपू नयेत म्हणून लाकूड वा हाड कोरून बारीक चिरेचे चष्मे केले जात.

पूर्व ग्रीनलंडमधील अम्मासालिक भागातून १८८४-८५ मध्ये डॅनिश अधिकारी गुस्ताव होल्म यांनी मिळवलेले लाकडी नकाशे विशेष प्रसिद्ध आहेत. किनाऱ्याची वळणे, खाड्या आणि बेटे लाकडाच्या तुकड्यांच्या कडांवर कोरलेली आहेत. ते घडवणाऱ्या कुनित या शिकाऱ्याचे नाव नोंदले गेले. अशी नोंद मात्र विरळाच.

संग्रह कसे झाले

एकोणिसाव्या शतकात दर्यावर्दी, मिशनरी, व्यापारी आणि मानववंशशास्त्रज्ञ यांनी या वस्तू गोळा केल्या. काही विकत घेतल्या, काही सुया, चाकू, तंबाखू यांच्या बदल्यात मिळवल्या, तर काही थडग्यांतून उचलल्या. फ्रान्झ बोआस यांनी १८८३-८४ मध्ये बॅफिन बेटावर मुक्काम केला. क्नुड रासमुसेन यांच्या नेतृत्वाखालील पाचव्या थुले मोहिमेने १९२१ ते १९२४ या काळात ग्रीनलंडपासून अलास्कापर्यंतच्या वस्त्यांतून वस्तू, कथा आणि गाणी जमवली. रासमुसेन स्वतः ग्रीनलंडमध्ये वाढलेले असल्याने त्यांना भाषा येत होती. म्हणून या संग्रहासोबत माणसांचे म्हणणेही टिकले.

सर्वांत क्लेशदायक प्रसंग न्यूयॉर्कच्या ‘अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरी’शी निगडित आहे. १८९७ मध्ये रॉबर्ट पिअरी यांनी वायव्य ग्रीनलंडमधून सहा इनुइटांना तेथे आणले. त्यांतील चौघे काही महिन्यांतच क्षयाने दगावले. मृतांपैकी किसुक याचा लहान मुलगा मिनिक याच्यासमोर पित्याच्या दफनाचा देखावा करण्यात आला. प्रत्यक्षात अस्थी संग्रहालयाने ठेवून घेतल्या होत्या. सत्य कळल्यावर मिनिकने त्या परत मागितल्या, पण त्याच्या हयातीत त्या मिळाल्या नाहीत. चौघांचेही अवशेष १९९३ मध्ये ग्रीनलंडमधील कानाक येथे नेऊन पुरण्यात आले. पिअरी यांनी त्याच काळात नेलेली, सुमारे ३१ टनांची लोहयुक्त उल्का मात्र आजही त्या संग्रहालयात आहे. धातू दुर्मीळ असलेल्या त्या प्रदेशात याच उल्कापातातील लोखंडापासून इनुइट पिढ्यान्‌पिढ्या हत्यारांची पाती घडवत होते.

बाजारपेठ आणि नवी कला

विसाव्या शतकाच्या मध्यात चित्र पालटले. १९४८ मध्ये जेम्स ह्यूस्टन हे तरुण कॅनेडियन चित्रकार हडसन उपसागराच्या पूर्व किनाऱ्यावरील इनुकजुआक येथे गेले आणि तेथील छोटी दगडी शिल्पे घेऊन परतले. १९४९ मध्ये माँट्रियल येथे हस्तकला संघाने भरवलेल्या विक्रीत सर्व वस्तू तीन दिवसांत संपल्या. कोल्ह्याच्या कातड्याचा भाव कोसळल्याने इनुइट कुटुंबे अडचणीत होती; कोरीवकाम हे त्यांच्यासाठी रोख उत्पन्नाचे साधन ठरले.

बॅफिन बेटाजवळील किनगाइट, म्हणजेच पूर्वीचे केप डॉर्सेट, येथे ह्यूस्टन यांनी मुद्राचित्रणाला चालना दिली. एकसारख्या सिगारेट पाकिटांवरील चित्र पुन्हा पुन्हा रंगवताना माणूस कंटाळत कसा नाही, असे शिल्पकार ओसुइतोक इपीली यांनी विचारले आणि उत्तरादाखल ह्यूस्टन यांनी कोरीवकाम केलेल्या सुळ्याला शाई लावून कागदावर ठसा काढून दाखवला, अशी हकिकत सांगितली जाते. १९५८-५९ मध्ये ह्यूस्टन जपानला जाऊन उनिची हिरात्सुका यांच्याकडे हे तंत्र शिकून आले. सपाट दगडावर चित्र उतरवून भोवतीचा भाग कोरून काढायचा, उंच भागावर शाई लावायची आणि पातळ कागद हाताने घासून ठसा उचलायचा, अशी ही पद्धत. १९५९ पासून तेथील सहकारी संस्था दरवर्षी मुद्राचित्रांचा संग्रह प्रसिद्ध करू लागली.

केनोजुआक अशेवाक (१९२७-२०१३) या तेथील सर्वांत नावाजलेल्या चित्रकर्ती. त्यांचे १९६० मधील मंतरलेल्या घुबडाचे मुद्राचित्र १९७० मध्ये कॅनडाच्या टपाल तिकिटावर झळकले. पुढच्या पिढीतील ॲनी पुटूगुक (१९६९-२०१६) यांनी दूरचित्रवाणी, किराणा सामान आणि घरातील हिंसा यांसह आजचे घर चितारले. २००६ मध्ये त्यांना ‘सोबी आर्ट अवॉर्ड’ मिळाले. ‘पारंपरिक’ इनुइट कलेची दक्षिणेकडील अपेक्षा त्यांनी मोडली.

नावांऐवजी क्रमांक

नावांचा प्रश्न केवळ संग्रहालयांचा नव्हता. इनुइटांमध्ये आडनावाची प्रथा नसल्याने कॅनडा सरकारने १९४० च्या दशकात प्रत्येकाला क्रमांक दिला. तो क्रमांक कोरलेली लहान चकती गळ्यात किंवा मनगटावर बाळगावी लागे. पूर्वेकडील लोकांच्या क्रमांकाआधी ‘ई’ आणि पश्चिमेकडील लोकांच्या क्रमांकाआधी ‘डब्ल्यू’ हे अक्षर असे. सुमारे १९७० पर्यंत आडनावे नोंदवण्याची मोहीम पूर्ण होऊन ही पद्धत मागे पडली. त्या काळातील अनेक शिल्पांच्या तळाशी मात्र नावाऐवजी किंवा नावासोबत हा क्रमांक कोरलेला आढळतो. ज्या क्रमांकाने माणसाची ओळख पुसली, तोच आज संशोधकांना शिल्पकाराचे नाव शोधून देतो.

परतीचा प्रवास

ग्रीनलंडला १९७९ मध्ये अंतर्गत स्वायत्तता मिळाली. त्यानंतर १९८२ ते २००१ या काळात डेन्मार्कच्या राष्ट्रीय संग्रहालयाने सुमारे ३५,००० वस्तू नूक येथील संग्रहालयाकडे सोपवल्या. ‘उतिमुत’, म्हणजे ‘परती’, या नावाने हा उपक्रम ओळखला जातो. आरंभी परतलेल्या कृतींत कांगेकच्या आरोन (१८२२-१८६९) यांची जलरंगचित्रे होती. अभ्यासासाठी दोन्ही देशांत प्रातिनिधिक संग्रह राहावा, असे ठरवूनच ही वाटणी झाली.

वस्तू परत न येताही ज्ञान परत येऊ शकते. वायव्य कॅनडातील इनुवियालुइट समाजाच्या, १८६० च्या दशकात व्यापारी रॉडरिक मॅकफार्लेन यांनी जमवलेल्या वस्तू स्मिथसोनियन संस्थेत आहेत. २००९ मध्ये त्या समाजातील वृद्ध, शिवणकाम जाणणाऱ्या स्त्रिया आणि तरुण तेथे गेले. त्यांनी वस्तू हाताळल्या, त्यांची नावे व उपयोग सांगितले आणि जुन्या कपड्यांची बेतणी उतरवून घेतली.

कॅनडातील विनिपेग येथे मार्च २०२१ मध्ये उघडलेले ‘कौमाजुक’ हे केंद्र याच वाटेवरचे. इनुइट भाषाजाणकारांनी दिलेल्या या नावाचा अर्थ ‘ते उजळलेले आहे’ असा होतो. सुमारे १४,००० कृतींच्या संग्रहातील हजारो शिल्पे तीन मजली काचेच्या कोठारात सर्वांना दिसतील अशी मांडलेली आहेत. पहिल्या प्रदर्शनाचे नियोजन इनुइट क्युरेटरांनीच केले.

तरीही प्रश्न उरतो. या केंद्रातील ७,००० हून अधिक कृती नुनावुत प्रदेशाच्या सरकारच्या मालकीच्या असून, त्या ठेवण्यास योग्य वास्तू तेथे नसल्याने त्या विनिपेगला आल्या. नुनावुतची राजधानी इकालुइट तेथून दोन हजारांहून अधिक किलोमीटर दूर आहे आणि नुनावुतमधील एकही वस्ती दक्षिणेशी रस्त्याने जोडलेली नाही. पुरातत्त्वीय अवशेष जतन करण्याच्या सोयी नुनावुतमध्येच असण्याची निकड १९९३ च्या भूमिकरारात नमूद आहे. इकालुइट येथे इनुइट वारसा केंद्राची योजना आखण्यात आली आहे. ते उभे राहीपर्यंत किनगाइटमधील मुलाला आपल्या आजीने कोरलेले शिल्प पाहायचे असेल, तर त्याला विमानाचे तिकीट काढावे लागेल.