आज्ञापत्रांतील वतनदार व जुन्नर प्रांतींचीं दप्तरें

देशमुख-देशपांडे यांच्या वर्तनाविषयीं मराठींत जें स्पष्ट लिहिलेलें आढळतें, त्यांत रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्राचा मान पहिला. कोल्हापूरच्या संभाजी महाराजांच्या नांवें इ. स. १७१५ त हा ग्रंथ सिद्ध झाला. वतनदार हे चाकर दिसले तरी वस्तुतः राज्याचे लहानसे वांटेकरीच होत. त्यांचें वतन मोडूं नये, पण त्यांस वाढूंही देऊं नये. दया व दंड या दोहोंमध्यें त्यांस ठेवावें, असा त्यांतील आशय आहे. वतनदारांचे हुडे-वाडे शिवछत्रपतींनीं पाडविल्याचें सभासदानेंही नमूद केलें आहे.

परंतु हा उपदेश वाचतांना एक गोष्ट नजरेआड होते. राजाराम महाराज जिंजीस असतां इकडील कारभार अमात्यांकडेच होता, आणि त्या काळांत वतनांचीं आश्वासनें देऊनच पुष्कळ देशमुख पक्षांत राखावे लागले. ज्या हातानें वतनें दिलीं त्याच हातानें पुढें वतनदारांचे दोष लिहिले. त्या लेखांतील कडवटपणा अनुभवाचा खरा. मात्र तो गादीजवळ बसलेल्याचा अनुभव होय.

जुन्नर प्रांतांतून पाहिलें असतां चित्र निराळें दिसतें. शिवनेरीवर १६३० त महाराजांचा जन्म झाला तेव्हां मुलूख निजामशाहीचा होता. १६३६ त ती बुडाली व प्रांत मोगलांकडे गेला. १६५७ त महाराजांनीं जुन्नर शहर लुटलें, पण शिवनेरी त्यांच्या हयातींत हातीं आला नाहीं. तो पुढें पेशव्यांस मिळाला, आणि १८१८ त इंग्रजी अंमल बसला. येथील देशमुखानें निष्ठा नेमकी कोणाच्या गादीशीं ठेवावी? या प्रश्नाचें उत्तर आज्ञापत्रांत नाहीं, कारण तें स्वराज्याच्या दृष्टीनेंच लिहिलेलें आहे.

आमच्या मतें त्याचा खरा धर्म परगण्याशीं बांधलेला होता. दुष्काळानें वा दंग्यानें परागंदा झालेली रयत परत आणावी, पडीत जमिनीस इस्ताव्याचा कौल देववावा, म्हणजे पहिल्या सालीं हलका सारा व पुढें सालोसाल चढता. गोतसभेंत बसून वाद तोडावा, महजरावर आपली निशाणी करावी. देशपांड्यानें हिशेब राखावा. १६३०-३२ च्या भयंकर दुष्काळानंतर हें काम किती जड झालें असेल! हक्क-लाजिमा हा त्याचाच मोबदला. काम टाकून हक्क तेवढा घेणारेही होते, व त्यांच्यापुरतें अमात्यांचें म्हणणें अक्षरशः खरें आहे.

आतां संग्राहकांस एक विनंती. शिक्क्याची सनद घरोघर जपली जाते, कारण ती हक्काची असते. कौलनामे, ताळेबंद व महजरांच्या नकला रद्दींत जातात. म्हणून वतनदाराचा हक्क आपणांस ठाऊक, कर्तव्य मात्र अंधारांत. १९५० च्या कायद्यानें परगणा वतनें गेल्यावर तर या कागदांस घरांतही कोणी विचारीनासें झालें. मूळ आंबेगांव आज डिंभे धरणाच्या पाण्याखालीं आहे. तेथील घराण्यांचे कागद पाहावयाचे तर गांव सोडून माणसांचा माग काढला पाहिजे. घोडेगांव, मंचर, ओतूर येथून आरंभ करावा, आणि रुमाल सोडतांना शिक्का नसलेला कागद आधीं वाचावा.