बाबांना अंघोळ कोण घालणार? जपानी पडद्यावरची पन्नास वर्षं

हेडफोन लावलेत? नसतील लावले तरी चालेल, हा भाग वाचायलाही इथे आहेच.

आज इतिहास आहे, पण राजे-लढायांचा नाही. घरातला आहे. आई किंवा बाबा हळूहळू सगळं विसरायला लागले, की घरात नेमकं काय होतं, ही गोष्ट टीव्ही आणि सिनेमाने कशी सांगितली, त्याचा इतिहास. आणि त्यासाठी आपण जातोय जपानला. कारण ही गोष्ट तिथे पन्नास वर्षं सांगितली जातेय, आणि त्या पन्नास वर्षांत गोष्टही बदलली आणि देशाचा कायदाही बदलला.

सुरुवात शेवटाकडून करू. जानेवारी २०२१. टीबीएस वाहिनीवर शुक्रवारी रात्री दहाला एक नवी मालिका लागली. 'ओरे नो इए नो हानाशी', म्हणजे 'माझ्या घरची गोष्ट'. लेखक कानकुरो कुदो. दहाच भाग. आपल्याकडे दहा भागांत लग्नाची हळदसुद्धा संपत नाही, ते सोडा.

यातला नायक जुइची हा बेचाळीस वर्षांचा पैलवान आहे. मातीतला नाही, आपण लहानपणी टीव्हीवर बघायचो तसल्या रिंगमधला. वडील मात्र 'नोह' या शेकडो वर्षं जुन्या नाट्यकलेतल्या घराण्याचे प्रमुख. देशाने 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' म्हणून मान दिलेला माणूस. पोराने सतराव्या वर्षी घर सोडलेलं. पंचवीस वर्षांनी तो परत येतो, कारण वडिलांना मेंदूचा झटका येऊन गेलाय, ते व्हीलचेअरवर आहेत आणि गोष्टी विसरायला लागलेत.

ज्या बापाने आयुष्यात कधी पाठीवर शाबासकीची थाप दिली नाही, त्याला आता पोरगा अंघोळ घालतो. डायपरचं बघतो. रिंगमध्ये माणसं उचलून आपटणारे हात बापाला टबातून अलगद बाहेर काढतात. हसता हसता गळा दाटतो, अशी ही मालिका. वडिलांचं काम केलंय तोशियुकी निशिदा यांनी, मुलाचं तोमोया नागासेने. शेवट सांगत नाही, बघा.

पण एक गोष्ट लक्षात आली का? या घरात अंघोळ घालायला सून नाही. जुइचीचा घटस्फोट झालाय. घरी येते ती पगारी मदतनीस. भावंडं बसून कोणी काय करायचं, यावर भांडतात. 'काळजीची पातळी' ठरवून देणारी सरकारी व्यवस्था आहे. हे सगळं तिथल्या प्रेक्षकाला ओळखीचं वाटलं.

पन्नास वर्षांपूर्वी यातलं काहीच नव्हतं.

आता मागे जाऊ. १९७२. लेखिका सावाको आरियोशी. त्या वर्षी त्यांची एक कादंबरी आली, 'कोकोत्सु नो हितो'. 'तंद्रीत हरवलेला माणूस' असं काहीसं म्हणता येईल. दहा लाखांहून जास्त प्रती खपल्या.

यातली नायिका अकिको. वकिलाच्या कचेरीत नोकरी करते. नवरा कंपनीत, मुलगा परीक्षेच्या तयारीत. एका संध्याकाळी बर्फ पडत असतं, आणि तिला सासरे रस्त्यात दिसतात, कोट न घालता तरातरा चाललेले. घरी येऊन बघते तर सासूबाई वारलेल्या. आणि सासऱ्यांची तक्रार काय, तर बायको उठत नाहीये आणि आपल्याला भूक लागलीय.

हे सासरे, शिगेझो, वय चौऱ्याऐंशी. ते पोटच्या मुलाला ओळखत नाहीत. मुलीला ओळखत नाहीत. ओळखतात फक्त सुनेला. जिला त्यांनी आयुष्यभर छळलं, तिलाच. तिच्याच मागे फिरतात, तिच्याच हातचं खातात. रात्री-अपरात्री उठतात, घराबाहेर निघून जातात, आणि ती त्यांच्यामागे धावते.

आणि नवरा? नवरा बघतो, हळहळतो, आणि सकाळी ऑफिसला जातो. बाबांमध्ये त्याला आपलं स्वतःचं म्हातारपण दिसतं, त्याची त्याला भीती वाटते. पण बाबांचे कपडे बदलायला तो पुढे येत नाही.

अकिको सरकारी मदत शोधते. तेव्हा तिला कळतं की अशा माणसाला ठेवून घेईल असा वृद्धाश्रमच नाही. उरतं ते मनोरुग्णालय. नाहीतर घरातल्या कोणीतरी आपलं सगळं सोडून द्यायचं. 'कोणीतरी' म्हणजे कोण, हे सांगायची गरजच नसते.

पुढच्याच वर्षी, १९७३ मध्ये, शिरो तोयोदा यांनी यावर सिनेमा काढला. सुनेच्या भूमिकेत हिदेको ताकामिने, तिथली फार मोठी नटी. सासरे झाले हिसाया मोरिशिगे. तेव्हा ते साठीलाही पोचले नव्हते, आणि उभे केले चौऱ्याऐंशीचे आजोबा! नंतर हीच कथा टीव्हीवरही आली, आणि एकदाच नाही. पिढी बदलली की नवे कलाकार घेऊन पुन्हा. पुस्तकाच्या नावातला 'कोकोत्सु' हा शब्द तर लोकांच्या तोंडी बसला. आपण 'म्हातारचळ' म्हणतो ना, तसा.

एवढं गाजायचं कारण? माहीत नसलेलं काहीतरी सांगितलं, म्हणून नाही. प्रत्येक घराला माहीत होतं, पण घराबाहेर बोलायचं नाही, ते सांगितलं म्हणून. १९७० साली जपानमध्ये पासष्टीच्या पुढची माणसं लोकसंख्येच्या सात टक्के झाली होती. १९९४ मध्ये चौदा टक्के. म्हणजे चोवीस वर्षांत दुप्पट. माणसं जास्त जगत होती, घरं लहान होत होती, बायका नोकरीला जात होत्या.

आणि सरकार काय म्हणत होतं? १९७८ च्या सरकारी श्वेतपत्रिकेत म्हाताऱ्या आईवडिलांसोबत एकत्र राहणाऱ्या कुटुंबांना देशाची 'छुपी मालमत्ता' म्हटलं गेलं. ऐकायला किती छान! पण नीट बघा. मालमत्ता म्हणजे काय, तर सुनेचे न मोजलेले तास. काही गावांत 'आदर्श सून' म्हणून सत्कारही व्हायचे. सासू-सासऱ्यांची सेवा केली म्हणून प्रमाणपत्र. सत्कार झाला, फोटो काढला, आणि बाई घरी जाऊन पुन्हा चादर बदलायला लागली.

याविरुद्ध पहिल्यांदा बोलले ते ज्यांच्या घरात हे घडत होतं तेच. १९८० मध्ये क्योतोत अशा कुटुंबांची एक संघटना उभी राहिली. १९८३ मध्ये केइको हिगुची आणि इतर बायकांनी वृद्धांच्या समाजाबद्दल बोलणारी स्त्रियांची संघटना काढली. त्यांचं म्हणणं सरळ होतं: सत्कार नको, मदत द्या. ही सेवा आहे हे मान्य, पण ते कामही आहे. कामाला तास असतात, सुट्टी असते, बदली माणूस असतो.

शेवटी १९९७ मध्ये कायदा झाला आणि एप्रिल २००० पासून 'दीर्घकालीन काळजी विमा' सुरू झाला. चालतो कसा? चाळीशीनंतर प्रत्येकाने हप्ता भरायचा. निम्मा पैसा हप्त्यांतून, निम्मा करांतून. म्हातारपणी मदत लागली की तपासणी होते, पातळी ठरते. त्यानुसार घरी मदतनीस, दिवसभराचं केंद्र, काही दिवस ठेवून घेणारी सोय. एक माणूस तुमच्यासाठी हे सगळं जुळवून देतो. खर्चाचा साधारण दहावा भाग तुम्ही भरायचा, उत्पन्न जास्त असेल तर थोडा जास्त.

यातली एक गंमत ऐका. शेजारी जर्मनीचं उदाहरण दिलं जात होतं (शेजारी म्हणजे विचाराने शेजारी, नकाशात नाही). तिथे घरीच काळजी घेणाऱ्यांना रोख पैसे मिळण्याची सोय होती. जपानमध्येही तसं करा, असं काही जण म्हणाले. विरोध कोणी केला? हिगुचींसारख्या बायकांनीच! का? कारण पैसे दिले की सगळे म्हणणार, 'सूनबाई, आता तर पैसेही मिळतात, बसा घरी.' त्यांना नोट नको होती, दार वाजवणारा माणूस हवा होता. आणि व्यवस्था तशीच झाली.

उलट बाजूने शिझुका कामेई यांच्यासारखे मोठे नेते म्हणत होते, मुलांनी आईबापाची सेवा करायची ही सुंदर परंपरा यामुळे मोडेल. त्या गदारोळात म्हाताऱ्यांकडून हप्ता घेणं सहा महिने पुढे ढकललं गेलं. पण योजना थांबली नाही.

परंपरा मोडली का मग? आकडे सांगतो. ज्यांना अशी मदत लागते, त्यांच्याकडे मुख्यतः कोण बघतं, याची सरकारी पाहणी होते. २००१ मध्ये घरातच राहणारी सून (कागदावर 'मुलांचा जोडीदार') हे उत्तर साधारण बावीस टक्के घरांत होतं. २०१९ मध्ये साडेसात टक्के. जागा भरली मुलांनी, मुलींनी, नवऱ्यांनी, आणि बाहेरून येणाऱ्या माणसांनी. आता कळलं, २०२१ च्या मालिकेत बापाला मुलगा का अंघोळ घालतो ते?

शब्दही बदलला. या आजाराला तिथे 'चिहो' म्हणायचे. त्यात मूर्खपणाचा, बावळटपणाचा वास. डिसेंबर २००४ मध्ये सरकारने ठरवून नवा शब्द घेतला, 'निन्चिशो'. साधारण अर्थ, आकलनाचा आजार. आपल्याकडे 'साठी बुद्धी नाठी' म्हणून हसणं आणि 'बाबांना स्मृतिभ्रंश झालाय' म्हणणं, यात जेवढा फरक आहे, तेवढा.

आता, सगळं गोड झालं असं समजू नका. डिसेंबर २००७ मध्ये आइची प्रांतात स्मृतिभ्रंश झालेले एक्क्याण्णव वर्षांचे आजोबा घरातून बाहेर पडले. आजींना क्षणभर डुलकी लागली होती, तेवढ्यात. ते रुळांवर गेले आणि रेल्वेखाली सापडले. रेल्वे कंपनीने कुटुंबावर नुकसानभरपाईचा दावा लावला. खालच्या कोर्टाने २०१३ मध्ये आजी आणि मोठा मुलगा, दोघांना जबाबदार धरलं. बहात्तर लाख येन द्या म्हणून. विचार करा, डुलकीची किंमत! पुढे १ मार्च २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि या कुटुंबाला पैसे द्यावे लागणार नाहीत असं सांगितलं. पण मधली आठ-नऊ वर्षं अशा प्रत्येक घरात एकच प्रश्न होता: मग आम्ही काय दाराला कुलूप लावायचं?

अकिको १९७२ मध्ये सासऱ्यांमागे धावत होती. २००७ मध्येही कोणीतरी धावतच होतं. विमा आला, मालिका आल्या, तरी रात्रीचे तीन कोणी जागायचे, हा प्रश्न पुरता सुटलेला नाही.

एक स्पष्ट करतो. एका कादंबरीमुळे कायदा झाला, असं मी म्हणत नाही. कायद्यामागे आकडे असतात, आंदोलनं असतात, निवडणुका असतात. पण गोष्टीने एक काम केलं. कॅमेरा आजाऱ्यावरून काढून, त्याच्या मागे धावणाऱ्या बाईवर नेला. एकदा ती दिसली, की तिचे तास मोजता येतात. दिसतच नसेल, तर मोजणार काय?

मग आपल्याकडे? आपल्या मालिकांत स्मृती जाते ती बहुतेक वेळा अपघाताने, आणि परत येते ती ऐन लग्नाच्या भागात. पण सिनेमात एक फार चांगलं उदाहरण आहे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'अस्तु'. संस्कृतचे गाढे पंडित असलेले चक्रपाणी शास्त्री, म्हणजे मोहन आगाशे, रस्त्यावरच्या हत्तीच्या मागे निघून जातात, आणि त्यांची मुलगी इरा, म्हणजे इरावती हर्षे, त्यांना शोधत राहते. माहुताच्या बायकोचं काम अमृता सुभाषने केलंय, तिला त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. इथेही कॅमेरा मुलीच्या थकव्यावर जातो. तिच्या अपराधी वाटण्यावर जातो. असं मराठीत अजून खूप व्हायला हवं.

कारण प्रश्न लहान नाही. २०२३ मध्ये आलेल्या एका मोठ्या अभ्यासाच्या अंदाजानुसार भारतात साठीच्या पुढच्या साधारण ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. आपल्याकडे जपानसारखा विमा नाही. आपल्याकडे २००७ चा कायदा आहे, आईवडिलांच्या पालनपोषणाचा. त्यात 'अपत्य' कोण, याची व्याख्या दिलीय: मुलगा, मुलगी, नातू, नात. सून त्यात नाही. म्हणजे कागदावर जबाबदारी मुलाची, आणि सकाळी सहाला बाबांची चादर कोण बदलतं, ते तुम्हाला माहीत आहे.

तर मंडळी, पुढच्या वेळी एखाद्या मालिकेत विसरभोळे आजोबा दिसले, की फक्त त्यांच्याकडे बघू नका. फ्रेमच्या कडेला बघा. ताट घेऊन कोण उभं आहे? ते कधी झोपलं? आणि घरात खरोखर असे आजोबा किंवा आजी असतील, तर या रविवारी दोन तास तुम्ही बसा त्यांच्याजवळ, आणि जी व्यक्ती रोज बसते तिला बाहेर जाऊ द्या. कुठे जातेस, असंही विचारू नका.

भेटू पुढच्या भागात.